चांगदेव चिडला नाही

पडद्यासमोर (साप्ताहिक स्तंभ)

गेल्या रविवारी ताईकडे जेवायला गेलो होतो. ताटं उचलली गेली आणि बारावीतला भाचा व शेजारचा त्याचा मित्र, दोघं पाण्याच्या तांब्याला मोबाइल टेकवून बसले. 'माय हिरो अ‍ॅकॅडेमिया' या जपानी ॲनिमे मालिकेतल्या ऑल माइट नावाच्या महाबली हिरोवर कुणा चाहत्यानं केलेलं विडंबन होतं ते. मूळ मालिकेत हा ऑल माइट संकटात सापडलेल्या लोकांपुढे हसत हसत अवतरतो आणि 'मी आलोय, आता घाबरू नका' असा धीर देतो. विडंबनातही तो तसाच आकाशातून झेपावला आणि दाणकन जमिनीवर उतरला. पण ज्याला वाचवायला आला होता, तोच बिचारा त्याच्या बुटाखाली सापडला. हिरोला पत्ताच नाही. तो दात दाखवत हसतोय, गर्दी टाळ्या पिटतेय आणि बुटाखालून एक हात तेवढा बाहेर आलेला दिसतोय.

भाचा पोट धरून हसला. ताई मागे उभी राहून पाहत होती. ती म्हणाली, "मेलेल्या माणसावर कसले हसता रे?" आणि मित्राचा चेहरा पार उतरला. त्याच्या वहीच्या मागच्या पानांवर पेन्सिलीनं काढलेला ऑल माइट मी पूर्वी पाहिला आहे. एकेक केस रेखलेला, छातीवरची शिवणसुद्धा न विसरलेला. तो मला म्हणाला, "मामा, यानं आमच्या हिरोची वाट लावली. तो असा नाहीये. तो आतून किती आजारी असतो, माहितीये का तुम्हाला?"

मला माहीत नव्हतं. मग त्यानं सांगितलं. ऑल माइटचं ते पिळदार शरीर दिवसातले थोडेच तास टिकतं. एका जुन्या लढाईत त्याचं पोट फाटलेलं आहे. लोक पाठमोरे झाले की तो हाडकुळा होतो, डोळे खोल जातात, खोकताना तोंडातून रक्त येतं. लोकांचा धीर सुटू नये म्हणून हे तो कुणाला कळू देत नाही. पोरगा हे सांगत होता तेव्हा त्याचा आवाज घरातल्या आजारी माणसाबद्दल सांगताना होतो तसा झाला होता.

एका खोलीत, एकाच दीड मिनिटाच्या चित्रफितीला तीन माणसांचे तीन प्रतिसाद. आठवडाभर मी त्यांचाच विचार करतो आहे. चित्रपट कसा आहे यावर आपण रकानेच्या रकाने लिहितो. समोर बसलेला माणूस का हसला, का दुखावला, याकडे मात्र फारसं कुणी पाहत नाही.

त्या मित्राचं दुखणं मी हलकं मानत नाही. सोळा-सतरा वर्षांच्या पोराला कुणीतरी मनापासून आवडतं आणि त्याची चारचौघांत टर उडवली की पोटात तुटतं. पण मला त्याला एक सांगायचं होतं. ज्यानं हे विडंबन केलं, त्यानंही ती मालिका याच्याइतकीच पारायणं करून पाहिलेली असणार. तो केसांचा झुबका, ते हसू, ती झेप यांतलं काही चुकलेलं नव्हतं. परक्याला एवढी नक्कल साधत नाही. अत्र्यांची 'झेंडूची फुले' १९२५ साली आली. रविकिरण मंडळाच्या कविता ज्यांच्या कानात बसल्या होत्या, तेच वाचक ती वाचून खरे हसले. मूळ पाठ असल्याशिवाय विडंबन कळत नाही, आणि मूळ पाठ करायला प्रेम लागतं.

जपानात तर या प्रेमाची जत्राच भरते. आवडत्या मालिकांवर चाहत्यांनी स्वतः काढलेल्या चित्रपुस्तिका, त्यांना तिकडे दोजिन्शी म्हणतात. त्या विकायला बसणाऱ्यांचा पहिला 'कॉमिक मार्केट' टोकियोत डिसेंबर १९७५ मध्ये भरला. आज तिथे लाखो माणसं येतात. 'वन' हे टोपणनाव घेणाऱ्या एका हौशी चित्रकारानं २००९ मध्ये इंटरनेटवर एक साधी चित्रकथा टाकली. तिचा हिरो कुठल्याही राक्षसाला एका बुक्कीत संपवतो, आणि म्हणूनच जगण्याला कंटाळलेला असतो. महाबलींच्या सगळ्या कथांची ती गंमतच होती. युसुके मुराता या कसलेल्या चित्रकारानं ती पुन्हा रेखाटली, २०१५ मध्ये तिचं ॲनिमे झालं, आणि आता 'वन पंच मॅन' स्वतःच एक मोठा हिरो आहे. भाच्याच्या टी-शर्टवर तोच होता.

आणि असं प्रेमातलं विडंबन पाहायला जपानपर्यंत जायचीही गरज नाही. आमच्या मुक्ताईनगरहून जळगाव, धुळे ओलांडलं की मालेगाव. जिल्हा नाशिक, पण बोली आणि बाजार पाहिला तर खान्देशाच्या अंगणातलंच. यंत्रमागांचं गाव. बाहेरच्या लोकांना ते २००६ आणि २००८ च्या बॉम्बस्फोटांमुळे माहीत झालं. पण बारा-बारा तासांची पाळी संपवून शुक्रवारी, माग बंद असण्याच्या दिवशी, तिथला कामगार व्हिडिओ हॉलात जाऊन कसा मोकळा होतो, हे फार थोड्यांना माहीत होतं.

शेख नासिर हा तिथलाच, व्हिडिओ पार्लर चालवणारा माणूस. रोज पडद्यावर सिनेमे दाखवता दाखवता शॉट कुठे सुरू होतो, कुठे तुटतो, हे तो शिकला. २००० साली त्यानं 'मालेगाव के शोले' काढला. खर्च पन्नास हजारांच्या आसपास. डाकूंना घोडे कुठून आणायचे? मग डाकू सायकलींवर आले. रेल्वे परवडणारी नव्हती, तिच्या जागी बस आली. आणि गावानं तो सिनेमा डोक्यावर घेतला. शोलेची खिल्ली उडवली म्हणून कुणी रागावलं नाही. शोलेचा शब्दन् शब्द पाठ असलेलं गाव होतं ते. घोड्याच्या जागी सायकल दिसली की 'बरोबर आहे, आपल्याकडे हेच असणार' अशी ओळख पटायची आणि हॉल गडगडायचा.

पुढे त्याच मंडळींनी 'मालेगाव का सुपरमॅन' करायला घेतला. तो कसा बनला याचा माहितीपट फैजा अहमद खान यांनी केला, 'सुपरमेन ऑफ मालेगाव'. मी तो कितीदा पाहिला असेन, मोजलेलं नाही. यातला सुपरमॅन म्हणजे शफीक. यंत्रमागावर काम करणारा किडकिडीत तरुण. छातीवर इंग्रजी 'एस'च्या जागी मालेगावचा 'एम'. लाल चड्डीची नाडी बाहेर लोंबते आहे. मालेगावच्या धुळीनं या सुपरमॅनला धाप लागते. आकाशातून उडायचं म्हणून हिरव्या कापडासमोर त्याला आडवा केला आहे. कॅमेऱ्याला वर उचलणारी क्रेन म्हणजे बैलगाडी, आणि कॅमेरा धावता ठेवायचा असेल तर कॅमेरावाला सायकलवर. शूटिंग ऐन रंगात आलेलं असताना शफीकचं लग्नही त्यातच उरकलं जातं.

हा माहितीपट जून २०१२ मध्ये मोठ्या शहरांतल्या चित्रपटगृहांत लागला. मी तो पहिल्यांदा मुंबईत, मल्टिप्लेक्समध्ये पाहिला. लोक खूप हसले, मीही हसलो. पण नाडी लोंबताना दिसली तेव्हा माझ्या मागच्या रांगेतून जे हसू आलं, ते मला टोचलं. ते हसू गरिबाला होतं. त्याला नीट कपडे मिळाले नाहीत, त्याला इंग्रजी येत नाही, त्याचा कॅमेरा फालतू आहे, म्हणून आलेलं. पुढे तोच माहितीपट इथे मुक्ताईनगरात मित्राच्या घरी आठ-दहा जणांनी मिळून पाहिला. त्यात केळीच्या गाड्या भरणारे होते, एक शिक्षक होते, मोबाइल दुरुस्त करणारा एक जण होता. हसू नाडीलाच आलं, पण त्याचा सूर वेगळा होता. गाड्या भरणारा म्हणाला, "भो, मानूस तं आपलाच हाये!" आणि बैलगाडीची क्रेन आली तेव्हा कुणीच हसलं नाही. सगळे पुढे सरकून नीट बघायला लागले, ती कशी तोलली आहे ते. मोबाइलवाल्यानं तो भाग परत लावायला सांगितला.

प्रसंग तोच होता, हसू तेवढं दोन जातींचं. एक हसणारा पडद्यावरच्या माणसाच्या वर बसलेला असतो, दुसरा त्याच्या शेजारी. सिनेमाला यातलं काही ठरवता येत नाही. आपण कुठे बसायचं ते आपल्या हातात असतं, म्हणून प्रेक्षकालाही जबाबदारी असते असं मी मानतो.

मालेगावच्या सुपरमॅनमध्ये एक काळी बाजूही आहे, आणि तीच मला सोडत नाही. त्यातल्या खलनायकाचं घाणीवर प्रेम आहे. लोकांनी जिथे तिथे खाकरावं, थुंकावं, गाव घाणीनं भरून जावं, हे त्याचं स्वप्न. प्रेक्षक यावर खदखदा हसतो, कारण हॉलमध्ये त्याच्या स्वतःच्या तोंडात त्या क्षणी पुडी असते. मागावर रात्रपाळीत डोळा लागू नये म्हणून तंबाखू, भूक मारावी म्हणून तंबाखू. हा विनोद प्रेक्षकाला त्याच्याच गालात दाबलेल्या गोळीपाशी नेऊन सोडतो. आणि या घाणीशी लढणारा सुपरमॅन, शफीक, तो तोंडाच्या कर्करोगानं गेला. माहितीपट देशातल्या चित्रपटगृहांत पोचला तेव्हा तो पाहायला शफीक नव्हता. याच मंडळींवरचा रीमा कागतींचा चित्रपट 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' सप्टेंबर २०२४ मध्ये टोरांटोच्या महोत्सवात दाखवला गेला आणि २८ फेब्रुवारी २०२५ ला आपल्याकडे लागला. त्याचा उत्तरार्ध याच आजारपणाभोवती फिरतो.

महाराष्ट्रात गुटख्यावर बंदी आली ती जुलै २०१२ मध्ये, माहितीपट लागल्यानंतर महिन्याभरात. आमच्या गावातून बऱ्हाणपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या टपऱ्यांपुढची जमीन आजही लाल आहे. त्या टपऱ्यांवर उभं राहून पोरं 'मालेगाव का सुपरमॅन' मोबाइलवर बघतात, खलनायकाच्या थुंकण्यावर हसतात, आणि थुंकतात. मला याचा संताप येतो. हसणाऱ्यांचा नाही, पुड्या पोचवणाऱ्यांचा.

तेव्हा ताईला मी काय सांगावं? "मेलेल्या माणसावर कसले हसता" हा तिचा प्रश्न टाकून देण्यासारखा नाही. काळा विनोद मेलेल्या माणसाला हसतो की मारणाऱ्याला, हे दर वेळी पाहावं लागतं. त्या चित्रफितीतला बुटाखालचा हात विनोदाचा विषय नव्हता. विषय होता ते न हललेलं हसू. लोकांना वाचवण्यापेक्षा कॅमेऱ्यात हसणं ज्याला महत्त्वाचं वाटतं, असा 'तारणहार' आपण पडद्याबाहेरही पाहतो. पूर येऊन गेल्यावर पंचनाम्याआधी फोटो निघतात, हे हतनूर धरणाच्या पाणलोटातल्या गावांना कुणी समजावून सांगायला नको.

उलट बाजूचं उदाहरणही याच मालिकेतलं आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये 'माय हिरो अ‍ॅकॅडेमिया'च्या चित्रकथेत एका दुष्ट डॉक्टरचं नाव 'मारुता' असं निघालं. मारुता म्हणजे लाकडाचा ओंडका. दुसऱ्या महायुद्धात जपानी सैन्याच्या ७३१ क्रमांकाच्या तुकडीनं चीनमध्ये जिवंत माणसांवर प्रयोग केले, आणि त्या माणसांना ही मंडळी आपापसात 'ओंडके' म्हणत. चीन आणि कोरियातले वाचक खवळले. लेखक कोहेई होरिकोशी यांनी आपला तसा हेतू नव्हता असं सांगून नाव बदललं. हेतू नसेलही. पण वाचकांचा राग रास्त होता असं मला वाटतं. तिथे ओरखडा उठत होता तो छळ झालेल्यांच्या घरच्यांवर, छळणाऱ्यांवर नव्हे. नाव बदलल्यानं चित्रकथेचं काही बिघडलं नाही. ती २०२४ पर्यंत सुखरूप चालली.

छळणाऱ्याला हसणं आणि छळ झालेल्याला हसणं यांतला फरक आम्हा मुक्ताईनगरकरांना नव्यानं शिकायला नको, असं मला मनापासून वाटतं. आमच्या गावाचं नाव ज्या मुलीवरून आहे, तिनंच तो दाखवून ठेवला आहे. इथून जवळच तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेवाचं देऊळ आहे. चौदाशे वर्षं जगलेला योगी, काळाला परतवून लावणारा, अशी त्याची ख्याती. आजच्या पोरांच्या भाषेत सांगायचं तर सगळ्या शक्ती असलेला महाबली. ज्ञानदेवांना पत्र लिहायला बसला आणि मायन्यापाशीच अडला. वयानं लहान म्हणून आशीर्वाद लिहावा, की ज्ञानानं मोठा म्हणून नमस्कार? शेवटी कोरा कागद पाठवला. तो पाहून इवलीशी मुक्ताई बोलून गेली, की चौदाशे वर्षं जगून हा कोराच राहिला. पुढे तो वाघावर बसून, हातात सापाचा चाबूक घेऊन भेटीला आला. इकडे ही चार भावंडं भिंतीवर बसली होती, ती भिंतच चालू लागली. झाला त्याचा सगळा थाट खलास.

महाशिवरात्रीच्या यात्रेत हा प्रसंग कीर्तनात लागतो तेव्हा मी मंडपाच्या कडेला उभा राहून लोकांकडे बघतो. कोऱ्या कागदाला मंडप हसतो. बायका पदर तोंडाला लावतात, म्हातारे टाळ मांडीवर टेकवून हसतात. त्या गर्दीत खुद्द चांगदेव गावची माणसं असतात, ज्यांच्या गावाचा तो देव आहे, आणि त्यांचं हसू कमी नसतं. कुणाच्या भावना दुखावत नाहीत. कारण गोष्टीतला चांगदेवच दुखावत नाही. तो वाघावरून उतरतो आणि त्या पोरीला गुरू करतो. आपल्यावर झालेल्या विनोदाला याहून मोठा प्रतिसाद कुणी दिल्याचं मला आठवत नाही.

पण तीच मुक्ताई दुसऱ्या एका प्रसंगी दाराबाहेर उभी आहे. संन्याशाची पोरं म्हणून आळंदीत जे टोमणे बसत, ते असह्य होऊन ज्ञानदेव ताटी लावून आत बसले. तेव्हा तिनं विनवण्या करून ताटी उघडायला लावली. तिथे तिनं थट्टा केली नाही. ज्याच्यापाशी सगळ्या सिद्धी आहेत त्याला हसायचं, आणि ज्याला गावानं हसून हसून कोंडलं आहे त्याच्या दारात जाऊन बसायचं, हे दोन्ही तिला त्या वयात कळत होतं.

आता एक काळजी सांगतो. मालेगावचा हॉल, यात्रेतला मंडप, तंबूतला सिनेमा, इथे हसू ऐकू येतं. शेजारचा हसला नाही तर आपलंही हसू जागच्या जागी थबकतं, आपण वळून पाहतो. आज अहिराणी डबिंग केलेला हल्क, ठेंगण्या छोटू दादाच्या विनोदी फिती, हे सगळं कोट्यवधी लोक बघतात, आणि बघतात ते एकेकटे, कानात बोंडं घालून. छोटू दादाची अदाकारी मला आवडते, त्याचं टायमिंग कुणाही मोठ्या नटाच्या तोडीचं आहे. पण त्याच्या टायमिंगला कोण हसलं आणि त्याच्या उंचीला कोण हसलं, हे आता कळायला मार्ग नाही. दोन्हींची नोंद सारखीच होते. ताईच्या घरी मोबाइल तांब्याला टेकवलेला होता, म्हणून निदान तिघांना एकमेकांचे चेहरे तरी दिसले.

बुधवारी मी त्या दोघांना घरी बोलावलं आणि मालेगावचा माहितीपट लावला. भाचा अपेक्षेप्रमाणे हसत सुटला. मित्र हाताची घडी घालून बसला होता. सुपरमॅनला धाप लागली, तो छाती धरून वाकला, तेव्हा त्यानं घडी सोडली. "मामा, हा तर ऑल माइट," तो म्हणाला. मग मी त्याला शफीकचं पुढे काय झालं ते सांगितलं. तो काही बोलला नाही. थोड्या वेळानं म्हणाला, "ते उडायचं परत लावा."

परत लावलं. हिरवं कापड, आडवा शफीक. आता दोघंही हसत होते आणि हिशोब करत होते. हिरव्या पडद्याला कापड विकत घ्यायचं, की रोपांवरची शेडनेट चालेल? शेडनेटला भोकं असतात, मागचं सगळं दिसेल, असं मित्राचं म्हणणं. दुहेरी घेऊ, भाचा म्हणाला. ट्रॉलीच्या दांडीवर आडवं झोपायचं कुणी, यावर भांडण झालं. मग कुणालातरी आठवलं की शूटिंग केळीच्या बागेत करून चालणार नाही. सगळंच हिरवं, कॉम्प्युटर पडद्याबरोबर अख्खी बागच पुसून टाकेल. ते संगमाच्या घाटावर करायचं ठरलं आहे. तिथे हिरवं कमी आणि दगड जास्त. मित्रानं वही आणली होती, मागच्या पानावर ऑल माइटच्या शेजारी त्यानं एक वाघ काढायला घेतला होता.

— पूर्णाकाठचा प्रेक्षक, मुक्ताईनगर